तयार घरं आणि आपली तयारी

दरड कोसळते, धरणाचं पाणी चढतं, भूकंप होतो, नाहीतर वस्तीवर बुलडोझर फिरतो. चार-आठ दिवसांत मंत्री येऊन जातात आणि घोषणा होते, अमुक महिन्यांत पक्की घरं देऊ. अलीकडे या घोषणेत एक शब्द हमखास असतो, ‘प्रीफॅब’. भिंती, छप्पर, चौकटी कारखान्यात आधीच तयार करायच्या आणि जागेवर आणून फक्त जोडायच्या. घर झटपट होतं, स्वस्त पडतं, वाळू-पाणी-माती कमी लागते, म्हणून ते पर्यावरणालाही मानवतं, असं सांगितलं जातं.

स्त्री-संघटनांमध्ये या विषयावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. काही मैत्रिणी म्हणतात, उघड्यावर पडलेल्या बाईला आधी छप्पर द्या, ते कुठल्या कारखान्यातून आलं हा चर्चेचा विषय होऊच शकत नाही. दुसऱ्या म्हणतात, हे ठेकेदारांचं खूळ आहे, पत्र्याच्या डब्यांत माणसं कोंबायचा हा नवा मार्ग आहे, आपण त्याला सरसकट विरोध केला पाहिजे. मला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. पहिली भूमिका बाईला केवळ मदत घेणारी समजते. दुसरी तिला तिच्या उपयोगी पडू शकेल असं एक तंत्र नाकारायला सांगते. माझ्या मते प्रश्न तीन आहेत. घराचा साचा कुणाच्या हातात आहे, घराचा कागद कुणाच्या नावावर आहे, आणि भिंतीला तडा गेला तर ती कोण बुजवणार आहे? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली, तर घर जागेवर बांधलं की जोडलं याला फारसं महत्त्व उरत नाही.

कारखान्यातलं घर नवं नाही

तयार घरांचं स्वप्न आपल्याकडे स्वातंत्र्याइतकंच जुनं आहे. फाळणीनंतर दिल्लीत निर्वासितांचे लोंढे आले. तेव्हा घरबांधणीचा विषय आरोग्य मंत्रालयाकडे होता आणि आरोग्यमंत्री होत्या राजकुमारी अमृत कौर. त्यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये दिल्लीत सरकारी गृहनिर्माण कारखाना निघाला. घरबांधणी विभागाचे संचालक होते ओटो कोनिग्सबर्गर, जर्मनीतून स्वतः परागंदा होऊन आलेले वास्तुविशारद. हलक्या, फेसाळ काँक्रीटचे तक्ते कारखान्यात ओतायचे आणि जागेवर नेऊन घर उभं करायचं, अशी योजना होती. तक्ते तडकू लागले, नेता-आणताना फुटू लागले. संसदेत प्रश्न विचारले गेले, टीकेची झोड उठली, आणि १९५१ मध्ये कोनिग्सबर्गर भारत सोडून गेले. तोच कारखाना पुढे ‘हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी’ आणि १९७८ पासून ‘हिंदुस्थान प्रीफॅब’ झाला. निर्वासितांच्या घरांसाठी निघालेला कारखाना विजेचे खांब आणि रेल्वेचे स्लीपरही बनवू लागला.

हा इतिहास मी तंत्राची टिंगल करण्यासाठी सांगत नाही. हेतू चांगला होता, मंत्रिपदी बाई होती, गरज खरी होती. पण ज्या निर्वासित कुटुंबांसाठी हे चाललं होतं ती या सगळ्यात कुठेच नव्हती. हाताशी काम नसलेले हजारो कारागीर त्याच निर्वासितांमध्ये होते. त्यांना घर मिळणार होतं, ते घडवण्याचं काम मात्र यंत्राकडे गेलं होतं.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने जागतिक पातळीवर नव्या बांधकाम-तंत्रांची स्पर्धा घेतली आणि १ जानेवारी २०२१ रोजी इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ इथे ‘लाइट हाऊस’ प्रकल्पांची पायाभरणी झाली. प्रत्येक ठिकाणी वेगळं तंत्र आणि हजाराच्या आसपास घरं. चेन्नईत ओतीव काँक्रीटचे भाग जोडून १,१५२ घरं उभी राहिली. तंत्र सत्तर वर्षांत खूप पुढे गेलं, याबद्दल वाद नाही. पण प्रसिद्धीपत्रकांत भर होता तो किती दिवसांत किती मजले चढले यावर. त्या मजल्यांवर राहायला जाणाऱ्या बाईने कुठल्या टप्प्यावर तोंड उघडायचं होतं, हे त्यात सापडत नाही.

किल्लारीने काय शिकवलं

महाराष्ट्राला या विषयाचे धडे दुसरीकडून आणण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. हजारो माणसं स्वतःच्या घराच्या दगडमातीखाली गेली. जागतिक बँकेच्या कर्जाने मोठा पुनर्वसन कार्यक्रम आखला गेला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावं नव्या जागी हलवण्यात आली. बाकीच्या सुमारे १,३०० गावांत जुन्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं ठरलं.

स्थलांतरित गावांत घरं बांधली ती बव्हंशी ठेकेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी. नकाशे शहरांत तयार झाले. सरळ रेषेतले रुंद रस्ते, ओळीने सारखी घरं. गुबाळमध्ये तर घुमटाच्या आकाराची घरं आली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने घुमट भूकंपाला चांगला टिकतो, हे खरंच आहे. पण गोल भिंतीला फडताळ लागत नाही, कणगी टेकत नाही, आणि लेकाचं लग्न झालं की शेजारी एक खण वाढवता येत नाही. मराठवाड्यातलं घर खणाखणाने वाढत जाणारं. त्याला ओसरी होती, अंगण होतं, आडोशाची न्हाणी होती. नव्या घरातून या जागा वगळल्या गेल्या आणि त्या सगळ्या बाईच्या वापरातल्या होत्या. वाळवण, निवडण-पाखडण, बाळाला न्हाऊ घालणं, दुपारची घटकाभर टेकण्याची जागा, हे सगळं नकाशावर ‘मोकळी जागा’ या दोन शब्दांत मावतं, म्हणून ते सहज खोडता येतं. लॉरी बेकर यांच्या आराखड्याने ‘मलयाळ मनोरमा’ने बांधलेलं बाणेगाव वेगळं ठरलं ते यामुळेच. तिथे घरं रांगेत न ठेवता मधल्या मोकळ्या जागेभोवती घोळक्याने बांधली गेली.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची. स्थलांतरित गावांत कुणाला केवढं घर हे जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४०० आणि मोठ्या शेतकऱ्यांना ७५० चौरस फूट. म्हणजे भूकंपाने सगळ्यांना एका रात्रीत उघड्यावर आणलं आणि पुनर्वसनाने पुन्हा आपापल्या पायरीवर नेऊन बसवलं. घरं आकारानुसार वेगवेगळ्या भागांत गेली, त्यामुळे जुना शेजार मोडला. शेजार मोडणं म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. नवरा हात उगारतो तेव्हा भिंतीपलीकडून येणारी हाक हाच बऱ्याच जणींचा पहिला आणि एकमेव आधार असतो. नव्या गावाच्या आखणीत रस्त्याची रुंदी मोजली जाते, या हाकेचं अंतर कुणी मोजत नाही.

याच कार्यक्रमात याच्या उलट अनुभवही आला. दुरुस्तीच्या गावांत पैसे हप्त्याहप्त्याने थेट कुटुंबाला मिळाले आणि बांधकाम त्यांनी स्वतः करून घ्यायचं होतं. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने तिथे महिला मंडळांना मध्यभागी आणलं. गावोगावच्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. अनुदानाचा हप्ता कुणाचा अडकला, इंजिनियर किती वेळा आला, कोपऱ्यांना आणि दारांच्या वर सांधपट्टी घातली की नाही, हे त्या पाहू लागल्या. सिमेंटच्या गोण्या मोजणारी बाई ही मराठवाड्याच्या गावात नवी गोष्ट होती. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूरच्या या बाया तिथल्या बायांना भेटायला गेल्या. ज्या स्वतः आपद्‌ग्रस्त होत्या त्या आठ वर्षांत सल्ला देणाऱ्या झाल्या. घर बांधून हातात दिल्याने हे घडलं नसतं.

‘तात्पुरतं’ म्हणजे किती दिवस?

तयार घरांचा आपल्याकडचा सर्वांत मोठा वापर पक्क्या घरासाठी होत नाही, तो ‘तात्पुरत्या निवाऱ्या’साठी होतो. लातूरमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये लोकांनी उन्हाळे काढले. सरदार सरोवराच्या विस्थापित आदिवासींना गुजरातच्या पुनर्वसन वसाहतींत सुरुवातीला पत्र्याच्या शेडच मिळाल्या. ज्यांची सागाच्या खांबांची, कुडाच्या भिंतींची, ऐसपैस आणि हवेशीर घरं बुडाली त्यांना. मुंबईत संक्रमण शिबिरात जन्मलेल्या मुलींची तिथूनच लग्नं झाली.

आता पत्र्याची जागा कंटेनरने घेतली आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. गाव म्हाडामार्फत प्रीफॅब पद्धतीने उभारायचं ठरलं आणि तोवर वाचलेली कुटुंबं कंटेनरमध्ये राहायला गेली. प्रीफॅबचं सगळं समर्थन वेगावर उभं आहे. पण दोन वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, तेव्हा तळीयेतली कित्येक कुटुंबं कंटेनरमध्येच होती. इर्शाळवाडीच्या वाचलेल्या ठाकर कुटुंबांनाही चौक इथे कंटेनरमध्येच ठेवण्यात आलं.

भिंत जोडायला चार दिवस लागतात हे खरं. पण जागा ठरवायला, ती ताब्यात घ्यायला, सपाट करायला, पाणी-वीज-रस्ता न्यायला महिनोन्‌महिने लागतात, आणि यातलं काहीच कारखान्यात तयार होत नाही. घर उशिरा मिळतं ते विटा सावकाश रचल्या जातात म्हणून नव्हे, तर गरिबांसाठी जमीन सावकाश शोधली जाते म्हणून. हे आपण प्रत्येक वेळी ठणकावून सांगायला हवं, नाहीतर वेगाच्या नावाखाली ठेका मंजूर होतो आणि उशीर होता तसाच राहतो.

कंटेनरमधला दिवस बाईसाठी आणि पुरुषासाठी सारखा नसतो. पुरुष दिवसभर बाहेर असतो. लोखंडी पत्रा दुपारी तापतो तेव्हा आत असते ती बाळंतीण, म्हातारी, आणि चुलीपाशी बसलेली बाई. चूल आत पेटवता येत नाही, बाहेर पावसात टिकत नाही, आणि गॅसच्या टाकीचे पैसे दर महिन्याला जमत नाहीत. संडास सामायिक आणि लांब असला की बाया पाणी कमी पितात. या गोष्टी किरकोळ गैरसोयी म्हणून टिपणात शेवटच्या ओळीला जातात. मला वाटतं, त्या पहिल्या ओळीला यायला हव्यात, कारण घरात सर्वांत जास्त तास घालवणाऱ्या माणसाला जे घर सोसत नाही, त्याला घर म्हणण्यात अर्थ नाही.

कुटुंब म्हणजे कोण?

घर कसं आहे याआधीचा प्रश्न, ते कुणाला मिळतं हा आहे. पुनर्वसनाच्या यादीत ‘कुटुंब’ मोजलं जातं आणि कुटुंबाच्या व्याख्येत बाई हरवते. १९७९ च्या नर्मदा जलविवाद लवादाच्या निवाड्यात प्रत्येक सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब मानला गेला, सज्ञान मुलगी नाही. तिचं ‘घर’ सासरी असणार हे न्यायाधिकरणाने गृहीतच धरलं. टाकलेली, परतून आलेली, लग्न न केलेली बाई त्या हिशेबात नव्हतीच.

आज कायदा बराच पुढे आला आहे आणि त्यामागे आपल्या चळवळीचाही रेटा आहे. २०१३ च्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रिया स्वतंत्र कुटुंब मानल्या आहेत, आणि सज्ञान व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, स्वतंत्र कुटुंब धरली आहे. पण हा कायदा जमीन संपादन झाली तर लागू होतो. दरडीने, भूकंपाने, पुराने गाव गेलं तर त्याचा थेट आधार मिळत नाही. तिथे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्यात मदतीच्या किमान निकषांबद्दल बोलताना विधवा आणि अनाथ यांच्यासाठी विशेष तरतुदीचा उल्लेख येतो. परित्यक्तेचं नाव नाही, एकट्या बाईचं नाही. म्हणजे धरणाने उठवलेल्या परित्यक्तेला जो हक्क आहे, तो डोंगराने उठवलेल्या परित्यक्तेला नाही. नवरा मेला तर सरकारला बाई दिसते, त्याने टाकली तर दिसत नाही.

घरकुल योजनांचीही तीच गत. इंदिरा आवासमध्ये घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करण्याची तरतूद होती, प्रधानमंत्री आवास योजनेतही संयुक्त नावाचा आग्रह आहे. ही मोठी कमाई आहे, ती कमी लेखू नये. पण तयार वसाहतींत पुष्कळदा आधी चावी दिली जाते आणि कागद नंतर देऊ म्हणतात. तो ‘नंतर’ येईपर्यंत बाईच्या हातात फक्त चावी असते, आणि चावी काढून घ्यायला कोर्टाचा हुकूम लागत नाही.

साचा आपल्या हातात

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मी तयार घरांच्या विरोधात आहे. तसं नाही. प्रीफॅब म्हणजे फक्त क्रेनने उचलायची भिंत असं समजण्याचं कारण नाही. दोन माणसांना उचलता येईल एवढी ओतीव लादी, काँक्रीटची दार-चौकट, बारीक जाळीवर सिमेंटचा गिलावा देऊन केलेला पातळ फेरोसिमेंटचा पन्हळ हेही प्रीफॅबच आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने छोट्या ओतीव कड्या आणि फळ्या वापरून छत करण्याची पद्धत केव्हाच विकसित केली आहे. शहाबादी फरशी तुळयांवर टाकून छत करणाऱ्या आपल्या भागाला ती परकी वाटू नये. अशा छताला फळ्यांच्या तळाचा साचा लागत नाही, सामान मोजून वापरलं जातं. जगाच्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे सात-आठ टक्के आहे हे लक्षात घेतलं, तर मोजून वापरण्याचं मोल कळतं.

मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायांनी १९८६ मध्ये ‘महिला मिलन’ सुरू केलं. ‘स्पार्क’ संस्था त्यांच्याबरोबर होती. त्यांनी बचत केली आणि घराचे नकाशे स्वतः केले, साड्या आणि दोऱ्या लावून खोलीची मापं घेतली, खऱ्या आकाराची घरं मांडून लोकांना दाखवली. त्यांनी खोलीची उंची चौदा फूट मागितली, कारण लहान जागेत पोटमाळा हीच दुसरी खोली असते, हे त्यांना ठाऊक होतं. त्या पोटमाळ्यासाठी लागणाऱ्या लाद्या त्यांनी स्वतः ओतल्या. हेही तयार घराचंच तंत्र आहे. फरक एवढाच की साचा बायांच्या हातात होता, म्हणून घराची उंचीही त्यांनी ठरवली.

केरळमध्ये १९८० च्या दशकात निघालेल्या निर्मिती केंद्रांनी असे छोटे भाग गावपातळीवर ओतायला सुरुवात केली आणि बायांना गवंडीकाम शिकवलं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे बांधकामावर बाई लाखोंनी आहे, पण बिगारी म्हणून. ती घमेली वाहते, वाळू चाळते, पाणी मारते. थापी तिच्या हातात येत नाही आणि म्हणून थापीची मजुरीही येत नाही. मोठ्या कारखान्यातलं प्रीफॅब नेमकं हेच घमेल्याचं काम संपवतं. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बाईचं काम पहिलं जातं, क्रेनवर मात्र तिला कुणी बसवत नाही. छोटी कार्यशाळा, गावातला साचा आणि शिकवलेल्या बाया असतील, तर तेच तंत्र तिला बिगारीतून कारागीर करू शकतं.

घाईचं काय?

एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पावसात उघड्यावर बाळंतीण असताना मंडळाच्या बैठका घ्यायच्या, साचे ओतायला शिकवायचं, हे सांगणं क्रूरपणाचं नाही का? पहिल्या आठवड्यात ते क्रूरपणाचंच आहे. तेव्हा ताडपत्री, पत्रा, कंटेनर, शाळेची खोली, जे मिळेल ते घ्यावं आणि आपणही ते पोहोचवायला धावावं. पण पहिल्या आठवड्याची घाई पुढच्या तीस वर्षांचा नकाशा ठरवते, हे आपण होऊ देता कामा नये. निवारा आणि घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवारा तातडीने मिळावा. घराला सहा महिने जास्त लागले तरी चालतील, पण ते तिला विचारून व्हावं.

दुसरी अडचण आपल्या बाजूची आहे. इंजिनियरच्या बैठकीत आपण बहुतेक वेळा गप्प असतो. नावावर घर करा, हे आपण ठामपणे म्हणतो, पण भिंतीच्या तक्त्यात काय भरलं आहे, सांध्यातून पाणी येईल का, खिळा ठोकता येईल का, वर मजला चढेल का, असं विचारत नाही. तो पुरुषांचा प्रांत समजून सोडून देतो. संवाद सहायक झालेल्या लातूरच्या बायांनी हे कोडं आपल्या आधी सोडवलं आहे. सिमेंट-वाळूचं प्रमाण हा चार दिवसांत शिकता येण्यासारखा विषय आहे.

म्हणून जिथे जिथे तयार घरांची योजना येईल तिथे आपल्या संघटनांनी काही गोष्टी एकमुखाने मागाव्यात असं मला वाटतं. यादी कुटुंबाची न होता सज्ञान माणसांची व्हावी. विधवेइतकाच परित्यक्तेला आणि एकट्या बाईला घराचा हक्क मिळावा. चावीआधी कागद मिळावा आणि त्यावर बाईचं नाव असावं. तात्पुरत्या निवाऱ्याच्या आदेशातच तो संपण्याची तारीख असावी, आणि ती उलटली तर दर महिन्याला भाडं मिळावं. नमुन्याचं एक घर आधी उभं करून त्यात एखादं कुटुंब एक उन्हाळा आणि एक पावसाळा राहावं, मगच बाकीच्या घरांचा ठेका निघावा. चूल, न्हाणी, संडास आणि अंगण यांच्या जागा बायांच्या सभेत ठराव करून ठरवाव्यात. जे भाग गावात ओतता येतील ते गावातच, गवंडीकाम शिकलेल्या बायांकडून, पूर्ण मजुरी देऊन ओतून घ्यावेत. आणि घराचा कुठलाही भाग तालुक्याच्या बाजारात मिळणाऱ्या सामानाने दुरुस्त करता आला पाहिजे.

या शेवटच्या मागणीवर माझा विशेष भर आहे. सरकारी कागदांत ‘शाश्वत घर’ असा शब्द असतो. आपल्या बाया त्यासाठी साधा शब्द वापरतात, ‘टिकाऊ’. त्यांच्या लेखी टिकाऊ घर म्हणजे जे कधी मोडतच नाही ते नव्हे. मोडलं तर आपल्याला डागडुजी करता येतं, लेकीला वेगळं व्हायचं झालं तर एक खण वाढवता येतो, आणि नवऱ्याने जा म्हटलं तरी जावं लागत नाही, ते टिकाऊ. पुढच्या पावसाळ्यात कुठल्या डोंगराखालचं गाव उठेल हे आपल्याला माहीत नाही. पण तेव्हा ठेकेदाराचा नकाशा तयार असेल, हे नक्की. आपल्या मागण्यांचा कागद त्याच्या आधी तयार असायला हवा.